सर पॅट्रिक गेडिस

कामोठे व पनवेलचा परिसर व्यापून बसलेली नवी मुंबई प्रथम कागदावर उमटली आणि मागाहून भूमीवर. भातशेते गेली, सेक्टर आले. जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी उरण तालुक्यात जानेवारी १९८४ मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांस प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्यानंतरची होय. नकाशा काढणाऱ्याने त्या जागी राहणाऱ्यास केव्हा विचारावे, हा प्रश्न आमच्या कित्येक पालकांच्या घरातलाच आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हा प्रश्न ज्यांनी हिंदुस्थानात नेटाने मांडला, त्या गेडिस यांचे चरित्र येथे देत आहोत.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. ते मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८७९ साली मेक्सिकोत त्यांची दृष्टी काही काळ गेली आणि सूक्ष्मदर्शकाचा मार्ग खुंटला. १८८६ साली त्यांचा विवाह झाला, आणि लवकरच हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या, कोंदट वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांसह त्यांनी भिंतींस चुना लावला, घाण उपसली, खिडक्यांत फुलझाडे लावली. उपदेश करण्यापूर्वी शेजारी व्हावे, ही त्यांची रीत येथेच ठरली.

१९१४ मध्ये ते हिंदुस्थानास निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते जर्मनांच्या एमडेन युद्धनौकेने बुडविले. तरी मित्रांनी नवे साहित्य जमवून पाठविले. पुढे त्यांनी मद्रास व मुंबई इलाख्यांतील आणि संस्थानांतील अनेक शहरे पायी हिंडून पाहिली. नगरपालिकांचे अभियंते दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढून घरे पाडू पाहत. गेडिस विचारीत, की ही माणसे जातील कोठे? शेजारच्या आळीत दाटी वाढेल, भाडे वाढेल आणि रोगही वाढेल. म्हणून एखादे पडके घर काढून तेथे चौक करावा, झाड व विहीर राखावी, तलाव बुजविण्याऐवजी स्वच्छ करून त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे सोडावेत, असे ते सुचवीत. यात खर्चही पुष्कळ कमी येई.

होळकरांच्या इंदुरात प्लेग होता. हा साहेब घरे पाडणार, या भीतीने लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. गेडिस यांनी महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटविली, की दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या मार्गाने न जाता, जेथील घरे सर्वांत स्वच्छ व नीटनेटकी असतील त्या रस्त्याने जाईल. मग काय विचारता! घरोघरी रंगरंगोटी झाली, उंदीर पकडले गेले, गाड्यांमागून गाड्या केर निघाला. मिरवणुकीत हत्तीघोड्यांसह घाणीच्या राक्षसाची व प्लेगाच्या उंदराची सोंगे होती; पण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले झाडूवाले आपल्या गाड्यांसह त्यात मानाने चालत होते. रात्री राक्षस व उंदीर जाळण्यात आले. राजाज्ञा पाठीशी होती म्हणूनच हे साधले, हेही सांगितले पाहिजे. तथापि ती आज्ञा त्यांनी घरे पाडण्याकडे लावली नाही. इंदुरावरील त्यांचा दोन भागांचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

हे यश दुःखाच्या छायेतले होते. १९१७ साली ज्येष्ठ पुत्र फ्रान्सच्या रणांगणावर पडला आणि त्याच वर्षी पत्नीही निवर्तली.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापकपद त्यांस दिले. त्यांचे व्याख्यान दाढीतच पुटपुटल्यासारखे असे आणि विषयही सैरावैरा धावे. विद्यार्थ्यांची तारांबळ उडे. तरी मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये या तरुणाचे गुण त्यांनी हेरले आणि त्यांस शिक्षणासाठी विलायतेस धाडण्यास साहाय्य केले. १९२४ मध्ये प्रकृती ढासळल्याने गेडिस यांनी मुंबई सोडली. विभागाची धुरा घुर्ये यांच्याकडे आली. १९३२ मध्ये त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे देहावसान झाले.