पुसदचे वकील, कोरडवाहूचे मुख्यमंत्री

आमच्या डोंगरकड्याहून पैनगंगा ओलांडली की पुसद तालुका लागतो. तेथील गहुली गावी, बंजारा कुटुंबात, 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईक जन्मले. अमरावती व पुसद येथे वकिली, 1952 मध्ये आमदारकी, 1960 पासून महसूल खाते आणि 5 डिसेंबर 1963 पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपद.

दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण न झाल्यास आपणास फाशी द्यावी, असे त्यांनी 1965 साली पुण्यात जाहीर केले. सावध वकिलाने असा करार केला नसता. त्यात पावसाचे कलमच नव्हते! तरी त्या ईर्षेने संकरित ज्वारी कोरडवाहू शिवारांत पोचली. 1972 च्या दुष्काळात मात्र उमगले, की नुसते धान्य पुरत नाही. मजुराच्या हाती ते विकत घेण्याइतका पैसा हवा. लाखो माणसे खडी फोडावयास गेली. त्यातूनच रोजगार हमी योजना विस्तारली. तिची मूळ कल्पना वि. स. पागे यांची, पण नाईकांच्या कारकीर्दीचे मोल ज्वारीच्या पोत्यांपेक्षा कामाच्या या हक्काने करावे, असे मला वाटते. त्या हक्काचा कायदा 1979 च्या जानेवारीत अमलात आला. नाईक तेव्हा सत्तेवर नव्हते. त्याच वर्षी 18 ऑगस्टला सिंगापूर येथे ते निवर्तले.