रेव्हरंड टिळकांचा वेतनत्याग

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या दातृत्वाचा विचार करताना १९१७ हे वर्ष निर्णायक मानावे लागते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ ते तत्कालीन अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी निगडित होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचे योजिले. हातचे देऊन टाकण्याची वृत्ती त्यांच्या ठायी पूर्वीपासूनच होती; परंतु जवळचे वाटून टाकणे आणि मिळकतच नाकारणे यांत मोठे अंतर आहे. सर्वस्व विकून गोरगरिबांस देण्याचा येशूचा धनवान तरुणास केलेला उपदेश परदेशी निधीतून वेतन घेणाऱ्या प्रचारकाच्या मुखातून ऐकणाऱ्यास कितपत पटावा? तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे मानणाऱ्या कवीस ही विसंगती सलणे स्वाभाविक होते. कर्जखते इंद्रायणीत बुडविणाऱ्या तुकोबांची कथा महाराष्ट्रात सर्वश्रुतच आहे.

मात्र या औदार्याचा भार एकट्या टिळकांवर पडला नाही. संसार लक्ष्मीबाईंनाच रेटावा लागला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी ही ओढाताण तक्रारीच्या सुरात न मांडता विनोदाच्या अंगाने नोंदविली, कदाचित म्हणूनच अभ्यासकांनी तिच्याकडे पुरेशा गांभीर्याने पाहिले नसावे. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा दरबाराने बाळसेही धरले नव्हते. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.