हेडमास्तर स्वामीजी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, हा आपला रिवाज. यंदा ते काम माझ्याकडे आले. मी स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव सुचविले, तेव्हा एकदोघी भगिनींचे चेहरे जरा उतरले. सतरा सप्टेंबरला झेंडावंदनानंतर जे भाषण ऐकावे लागते तेच पुन्हा वाचायचे की काय, असे त्यांना वाटले असावे. त्यांचे काही चुकले नाही. स्वामीजी म्हटले की भगव्या वस्त्रातला फोटो, त्याला घातलेला हार आणि मुक्तिसंग्राम, एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु मोठे पुढारी होण्याआधी ते नऊ वर्षे शाळामास्तर होते, आणि तेही खाजगी शाळेतले. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी आपल्यात जो वाद रंगला, मुलांना गावच्या मराठी शाळेत घालावे की पिवळ्या गाडीच्या इंग्रजी शाळेत, त्याच्या अगदी जवळच्या एका वादात त्यांचे ऐन तारुण्य गेले. म्हणून मी हट्टाने हेच चरित्र घेतले.

स्वामीजींचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला. त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. घरची स्थिती बेताची. शिक्षणासाठी ते सोलापूरला आले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्या बातमीने शाळकरी व्यंकटेशच्या मनावर असा परिणाम झाला की, आपण आजन्म अविवाहित राहून देशाची सेवा करायची, अशी शपथ त्याने घेतली. त्या वयातल्या शपथा बहुधा पुढे विसरल्या जातात. ही शपथ मात्र टिकली.

लगोलग महात्माजींची असहकाराची हाक आली. सरकारी शाळा सोडा, असे मुलांना सांगण्यात आले. व्यंकटेशने शाळा सोडली. येथे मी वाचता वाचता थांबले, कारण मला त्याच्या आईची आठवण झाली. गरिबाघरचा हुशार मुलगा, आज ना उद्या मॅट्रिक होईल, नोकरीला लागेल, घराला हातभार लावील अशी आशा, आणि तोच मुलगा दप्तर खुंटीला टांगून घरी येतो! पुढे अमळनेरला आणि मग पुण्याच्या टिळक महाविद्यालयात त्यांचे राष्ट्रीय शिक्षण झाले. तेथील उच्च पदवीही त्यांनी मिळविली. ज्ञान पक्के होते, पण त्या पदवीचा कागद सरकारी नोकरीच्या दारात चालत नसे. शाळा निवडणे म्हणजे आयुष्याची वाट निवडणे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्यानंतर काही काळ त्यांनी कामगारांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केले. प्रकृतीने साथ दिली नाही, आणि १९२९ साली ते निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडगावी, राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक म्हणून आले.

हिप्परग्याच्या शाळेचे महत्त्व कळायचे तर तेव्हाचे सरकारी शिक्षण कसे होते ते माहीत असले पाहिजे. आपला आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. पैनगंगेपलीकडे इंग्रजांचा अंमल, अलीकडे निजामाचा. सरकारी शाळेला लोक मदरसाच म्हणत. प्राथमिक ती तहतानिया, मधली वस्तानिया आणि हायस्कूल ते फौकानिया. खालच्या इयत्ता कशाबशा मराठीतून झाल्या तरी पुढचे सारे शिक्षण उर्दूतून. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. कोर्टकचेरीचे कागद उर्दूत, पटवाऱ्याचे वरचे दप्तर उर्दूत, आणि नोकरी हवी तर उर्दू हवेच.

माझे सासरे याच मदरशात शिकले. त्यांचे अक्षर सुरेख होते, सही ते शेवटपर्यंत उर्दूतच करीत, आणि गावात कोणाचा जुना कागद निघाला की तो वाचून घ्यायला माणसे आमच्या ओसरीवर येत. हरिपाठ मात्र ते पुस्तकात पाहून म्हणत नसत, आईकडून ऐकून पाठ केलेला म्हणत. मराठी वाचायला ते पुढे मोठेपणी आपल्या आपण शिकले. उर्दूला नावे ठेवण्याचा माझा मुळीच विचार नाही, ती गोड भाषा आहे. शिवाय इंग्रजी बाजूला सारून एका देशी भाषेतून वरचे शिक्षण देणारे उस्मानिया हे आपल्या देशातले पहिले विद्यापीठ, हेही मान्य केले पाहिजे. दोष एवढाच होता की, राज्यातले बहुसंख्य लोक मराठी, तेलुगु आणि कानडी बोलणारे, आणि शाळा त्यांच्या घरातली एकही भाषा ओळखत नव्हती. १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यात शंभरांत दहा माणसेही साक्षर निघाली नाहीत, यात नवल ते काय! त्यांत बायका किती असतील ते आपल्या आज्यांना आठवून पाहावे.

म्हणून जागोजाग लोकांनी वर्गणी काढून आपल्या शाळा काढल्या. हैदराबादेत विवेकवर्धिनी, औरंगाबादेत सरस्वती भुवन, हिप्परग्यात १९२१ साली व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांच्या पुढाकाराने निघालेली ही राष्ट्रीय शाळा. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे, आणि काढल्यावर पोलिसांची नजर असे. मास्तरांना पगार नावाचाच. आता त्या काळच्या आईबापांच्या जागी आपण बसून पाहू. एका बाजूला मदरसा, तेथे इमारत आहे, सरकारी मास्तर आहेत, पुढे नोकरीची आशा आहे. दुसऱ्या बाजूला गावच्या वर्गणीवर चाललेली शाळा, तेथे मुलाला स्वतःची भाषा मिळेल, पण नोकरी मिळेलच असे नाही, आणि मुलगा चळवळीत जाण्याची भीती वेगळीच. पुष्कळांनी मदरसा पत्करला. त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ वळत नाही. थोड्यांनी हिप्परग्याची वाट धरली.

स्वामीजी तेथे सहा वर्षे राहिले. शाळा गुरुकुलासारखी होती. मुले आणि गुरुजी एकत्र राहात, शरीरकष्ट करीत, साधे जेवण जेवीत. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना येथेच लाभले. येथेच १४ जानेवारी १९३२ रोजी, संक्रांतीच्या सुमारास, व्यंकटेशरावांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेतलेला माणूस मठात किंवा हिमालयात जायचा, हे भगवी वस्त्रे घालून पुन्हा वर्गात आले आणि फळ्यापुढे उभे राहिले. मला त्यांच्या सगळ्या चरित्रात हे चित्र फार आवडते.

१९३५ साली ते व त्यांचे सहकारी अंबाजोगाईला आले. गावाचे तेव्हाचे सरकारी नाव मोमिनाबाद. तेथील योगेश्वरी नूतन विद्यालय त्यांनी नावारूपाला आणले. त्या वर्गांतून पुढे मुक्तिसंग्रामाचे कितीतरी कार्यकर्ते निघाले, तेव्हा सरकारला अशा शाळांची धास्ती वाटत होती ती अगदीच अनाठायी नव्हती, असे गमतीने म्हणावेसे वाटते!

१९३८ साली त्यांनी शाळा सोडली. स्टेट काँग्रेसवर जन्मण्यापूर्वीच बंदी आली, ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच हिवाळ्यात सरकारी कॉलेजांतही वणवा पेटला. वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्याची मनाई झाली आणि मुलांनी ती मोडली. शेकडो विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले. नागपूर विद्यापीठाने त्यांना जवळ केले म्हणून त्यांची वर्षे वाचली. या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही होते. सरकारी शाळेत घातले म्हणजे मुलगा सुरक्षित राहील, असा हिशेब केलेल्या पालकांचाही हिशेब असा चुकला.

पुढचा इतिहास आपण दरवर्षी ऐकतो, तो मी थोडक्यात सांगते. १९४६ साली बंदी उठल्यावर स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांनी भारतात सामील होण्याचा दिवस पाळायला लावला. सारा देश स्वतंत्र होत असता १५ ऑगस्टला त्यांना पकडण्यात आले. मध्यंतरी थोडे दिवस सुटून जानेवारी १९४८ मध्ये ते पुन्हा आत गेले, ते १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झाल्यानंतरच बाहेर आले. १९५२ साली गुलबर्ग्याहून आणि १९५७ साली औरंगाबादेहून ते लोकसभेवर निवडून गेले.

मुक्तीनंतर दोन वर्षांतच, १९५० साली, त्यांच्या प्रेरणेने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. मराठवाड्याच्या मुलांना वरच्या शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे, तो वनवास त्यामुळे कमी झाला. नरहर कुरुंदकरांसारखे प्राध्यापक तेथे शिकवीत. आपल्या बाळापुराहून नांदेडचा रस्ता सरळ आहे, एस.टी.त बसले की झाले. या कॉलेजच्या नावाकडे मी लहानपणी कधी लक्ष दिले नाही. आता वाटते, स्वामीजींच्या मनातली सगळी गोष्ट त्या नावातच आहे. कायद्याने ही संस्था खाजगी, आणि नाव मात्र लोकांचे कॉलेज.

खाजगी हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाने स्वामीजींची शाळा खाजगी नव्हतीच. ती कोणाच्या मालकीची नव्हती, गावाची होती. उलट सरकारी म्हणविणारी शाळा राजाची होती. स्वातंत्र्यानंतर पारडे फिरले. राज्य आपले झाले, शाळा मराठी झाली, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि गावोगावची शाळा त्यांच्याकडे गेली. म्हणजे वर्गणीऐवजी करातून चालणारी ती आपलीच शाळा. आणि नेमक्या त्याच शाळेकडे आपण पाठ फिरवतो आहोत.

हे लिहिताना मला एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर लेख खोटा ठरेल. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, आणि माझ्या मुलाला मी तालुक्याच्या गावी खाजगी शाळेत घातले. मी दुसऱ्यांच्या मुलांना जीव तोडून शिकविले, पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही. लोक काय म्हणतात, शेजारणीची मुले कोठे जातात, यावर मी निर्णय घेतला. मुलगा चांगला निघाला, तेव्हा चुकले म्हणता येत नाही आणि बरोबर म्हणवत नाही. वर्गातल्या एका आईने मला सरळ विचारले होते की, बाई, तुमचा मुलगा या शाळेत का नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

म्हणून इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्या भगिनींना दोष देण्याचा मला अधिकार नाही. हळद विकून आलेल्या पैशातला मोठा वाटा त्या फीसाठी बाजूला काढतात, अंगावर नवे लुगडे घेत नाहीत. इंग्रजी येईल तर पोर पुढे जाईल, हा त्यांचा हिशेब उर्दूवाल्या आईबापांच्या हिशेबासारखाच आहे, आणि तितकाच खरा आहे. मात्र घरी इंग्रजीचा गंध नसलेले लेकरू पाठांतर करून दमते, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. शिवाय काही घरांत मुलगा पिवळ्या गाडीत आणि त्याची सख्खी बहीण पायी मराठी शाळेत, असे दृश्य दिसते. त्याला शाळेची निवड म्हणता येणार नाही, ती मुलगामुलगीची निवड झाली.

शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना, एवढेच त्यातले आपल्याला ठाऊक असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना त्यातून वगळले होते, पण जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. याच कायद्यात दुसरीही एक तरतूद आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात. हिप्परग्याला गावकरी जे परवानगीवाचून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत करीत होते, ते करायला आज कायदा आपल्याला बोलावतो आहे. मी नोकरीत असताना या समितीच्या बैठकांना आया येत, पदराआडून सही करीत आणि स्वयंपाक राहिला म्हणून उठून जात. त्यांना बसवून घ्यावे, हे मलाही तेव्हा सुचले नाही.

स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत वारले. संसार नव्हता, वारस नव्हते. १९९४ साली नांदेडला त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले, आणि आज आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या मुलींच्या पदवीच्या कागदावर त्यांचे नाव छापलेले असते. ज्यांच्या स्वतःच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती त्यांचे!

आमच्या नातीचे नाव अजून कोणत्याच शाळेत घातलेले नाही. सूनबाईंचे मन इंग्रजी शाळेकडे आहे, माझे मराठीकडे, आणि चिरंजीव दोघींच्या मध्ये गप्प बसून असतात. जूनला अवकाश आहे. येत्या शनिवारी आम्ही दोघी सकाळी दोन्ही शाळांत जाणार आहोत, वर्गात मागे बसू द्या म्हणून विनंती करणार आहोत. मराठी शाळेच्या समितीची पुढची बैठक कधी आहे तेही विचारून येणार आहे. मंडळातल्या आणखी कोणाला यायचे असल्यास आदल्या दिवशी निरोप द्यावा.