सी. एस. लुईस आणि त्यांचा मित्र

नार्नियाच्या गोष्टी लिहिणारे सी. एस. लुईस यांचे नाव आपल्या मंडळ्यांतील पुष्कळांस ठाऊक आहे. समलिंगी ओढ असलेल्या माणसांविषयी पवित्र शास्त्र काय शिकविते, हा प्रश्न निघाला की आपल्यांतले काही संतापतात, तर काही गप्प बसतात. लुईस यांच्यापुढे हा प्रश्न एका जिवलग मित्राच्या रूपाने आला. म्हणून त्यांच्या चरित्राचा हा भाग आपण पाहू या.

लुईस यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८९८ रोजी बेलफास्ट येथे झाला. ते नऊ वर्षांचे असताना आई वारली व पुढे किशोरवयात त्यांचा विश्वासही उडाला. १९१४ साली शेजारच्या आर्थर ग्रीव्ह्ज याच्याशी त्यांची ओळख झाली. आर्थर विश्वासणारा, लुईस नास्तिक. दोघांत पत्रांतून वाद चाले. काही वर्षांनी आर्थरने आपली ओढ पुरुषांकडे असल्याचे त्यांस सांगितले. त्या काळी तेथे अशा संबंधांस तुरुंगवासाची शिक्षा होती. लुईस यांनी मैत्री तोडली नाही. १९३१ साली ते ख्रिस्ताकडे वळले तेव्हा ती वार्ता त्यांनी आर्थरलाच पत्राने कळविली. ही मैत्री लुईस यांच्या मृत्यूपर्यंत, सुमारे पन्नास वर्षे टिकली.

शास्त्राविषयी लुईस यांचे मत जुन्या परंपरेचेच होते. असे शरीरसंबंध पाप आहेत, ज्यांस ही ओढ आहे त्यांनी संयमाने राहावे, असे ते मानीत. परंतु १९५४ च्या एका पत्रात त्यांनी योहानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्याची आठवण दिली. हे असे का झाले, हे शोधीत बसण्यापेक्षा अशा जीवनातून देव कोणते कार्य करू इच्छितो, हे पाहावे, असा त्यांचा बोध होता. १९५५ च्या आत्मचरित्रात, ज्या पापाचा मोह आपणांस कधी झाला नाही त्याविरुद्ध उपदेश करण्याचे त्यांनी नाकारले. शाळेतील गर्व व क्रूरता त्यांस त्याहून वाईट वाटली. या संबंधांस कायद्याने गुन्हा ठरविल्याने फक्त धमकावून पैसे उकळणाऱ्यांचे फावते, असे त्यांनी १९६० साली एका पत्रात लिहिले.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस देवाघरी गेले. इंग्लंडचा कायदा १९६७ साली बदलला, उत्तर आयर्लंडचा १९८२ साली. आर्थर १९६६ सालीच वारला होता. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असा निर्णय दिला.

आज विश्वासणाऱ्यांत मतभेद आहेत. रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय व करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उत्पत्तीतील विवाहाच्या शिक्षणाशी जोडून पुष्कळ जण लुईस यांच्याप्रमाणेच अर्थ लावितात. पौलाचा रोख त्या काळच्या गुलामांच्या व मुलांच्या शोषणावर होता, असे इतर काही मानतात. सदोमाच्या पापात यहेज्केल गर्व व गरिबांची उपेक्षा मोजतो, हेही ते दाखवितात.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती एवढीच : हे अध्याय शिकविताना असा एखादा मुलगा किंवा मुलगी आपल्याच वर्गात बसलेली असू शकेल, हे ध्यानात ठेवा. शास्त्राचा अर्थ मोकळेपणाने सांगा. पण ते लेकरू मनातले सांगावयास आले, तर लुईस यांच्याप्रमाणे त्याच्यासाठी आपले दार उघडे ठेवा.