कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या वर्धा जिल्ह्यांत फटफटीचा नाद नसलेला मुलगा विरळाच. मोडक्या गाड्यांचे सुटे भाग जमवून थोड्या पैशांत स्वतःची फटफटी उभी करावी, असा बेत पुष्कळांच्या मनांत असतो. परंतु जवळ पैसा नाहीं, हत्यारें नाहींत, म्हणून तो बहुधा मनांतच राहतो. अशा मुलांनीं कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचें चरित्र अवश्य वाचावें. कारण त्यांच्या उद्योगाचाही प्रारंभ दोन चाकांच्या गाडीपासूनच झाला.

लक्ष्मणरावांचा जन्म ता. २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. शाळेच्या अभ्यासापेक्षां चित्रें काढणें व यंत्रांशीं खटपट करणें यांतच त्यांचें मन रमे. वडिलांची इच्छा नसतांही, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या द्रव्यसाहाय्यानें, ते १८८५ सालीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. परंतु पुढें असें दिसून आलें कीं, त्यांच्या दृष्टीस कांहीं रंगांमधील भेद नीट कळत नाहीं. चित्रकार होण्याची आशा संपली. दुसरा एखादा निराश होऊन घरीं परतला असता. लक्ष्मणरावांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या संपादिली, आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकविण्याची नोकरी मिळविली.

१८८८ सालीं या बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें होतें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली पाठवाव्या व रामूअण्णांनीं त्या विकाव्या, असा क्रम असे. पुढें बढतीची जागा आपणांस डावलून दुसऱ्यास दिली गेली, तेव्हां लक्ष्मणरावांनीं नोकरी सोडली व ते बेळगांवीं आले. तेथील लहानशा कारखान्यांत ते कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर बनवूं लागले. परदेशी यांत्रिक मासिकें व पुस्तकें हेच त्यांचे गुरु.

आपला पूर्वापार लांकडी नांगर जमीन फाडतो, पण माती उलटवीत नाहीं. लोखंडी नांगराच्या फाळामागें एक बांकदार पंख असतो. तो कापलेली माती उचलून पालथी घालतो, आणि हरळीसारख्या तणाचीं मुळें उघडीं पडून उन्हानें वाळतात. आपल्या काळ्या, कपाशीच्या जमिनीस याचें महत्त्व किती, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. तथापि लोखंडानें जमीन विषारी होते, अशी त्या वेळीं लोकांची समजूत होती. तयार नांगरांस दोन वर्षें गिऱ्हाईक मिळेना. तरीही लक्ष्मणरावांनीं काम सोडलें नाहीं.

इतक्यांत बेळगांवच्या नगरपालिकेनें कारखान्याची जागा सोडावयास लाविलें. या संकटांत औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस आश्रय दिला. १९१० सालीं कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ मिळाला. तेथें निवडुंग आणि साप यांचेंच राज्य होतें. तो माळ साफ करून मूठभर सहकाऱ्यांसह त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांसही त्यांनीं पहारेकऱ्याचें काम विश्वासानें दिलें. १९१४ च्या महायुद्धांत लोखंड मिळेनासें झालें, तेव्हां कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं किल्ल्यांवरील जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर ओतले गेले. ज्या लोखंडानें पूर्वी माणसें मारिलीं, तेंच आतां अन्न पिकवूं लागलें.

ता. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं लक्ष्मणराव निवर्तले. १९६९ सालीं, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें.

बालमित्रहो, तुमची फटफटी आज न झाली तरी हरकत नाहीं. घरांतील मोडकी सायकल खोला, तिचा प्रत्येक भाग कागदावर रेखाटा, आणि ती पुनः चालती करा. पालकांसही एक विनंति आहे. तेलानें काळे झालेले हात पाहून मुलावर एकदम रागावूं नये. लक्ष्मणरावांचें पहिलें भांडवल म्हणजे रामूअण्णांचा विश्वास होता. आणि तें भांडवल गरिबांत गरीब घरांतही देतां येतें.