परमुलखात पंडिता रमाबाई



आमच्या अमरावती व अकोला जिल्ह्यांतील मंडळ्यांमधून पुष्कळ तरुण मुलेमुली कामधंद्यासाठी घर सोडून दूर जातात. कोणी पुण्यामुंबईस, तर कोणी समुद्रापलीकडे. निरोपाच्या प्रार्थनेच्या वेळी आईबापांच्या मनात एकच धास्ती असते, की लेकरू तेथे टिकेल काय, आणि टिकले तर आपले राहील काय? ह्या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस पंडिता रमाबाईंची आठवण होते. केडगावच्या मुक्तिसदनाचे नाव बहुतेकांनी ऐकले आहे. परंतु परमुलखात बाईंनी सहा वर्षे कशी काढली हे थोड्यांसच ठाऊक आहे. ती हकीकत येथे सांगतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकमताची पर्वा न करता आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले, आणि आईपासून ती विद्या रमाबाईंस मिळाली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडत असे. पुढे दुष्काळात आईबाप गेले, व १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली गृहस्थांशी त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या आरंभी त्यांना वैधव्य आले. कडेवर मनोरमा, वय वर्षभराचेही नाही. वैद्यकी शिकून आपल्या देशभगिनींची सेवा करावी अशी त्यांची इच्छा होती. स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहून त्यातून त्यांनी प्रवासाचा खर्च उभा केला आणि एप्रिल १८८३ मध्ये त्या इंग्लंडास निघाल्या.

तेथे वॉन्टेज गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्यांची सोय झाली. पुण्यात ह्याच भगिनींची त्यांना ओळख झाली होती. बाई नुसत्या पाहुण्या म्हणून राहिल्या नाहीत. हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींस त्या मराठी शिकवीत आणि स्वतः इंग्रजी शिकत. परंतु कानांनी ऐकू येणे कमी होत गेल्यामुळे वैद्यकीची आशा सोडावी लागली. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातचे गेले.

त्याहून मोठा आघात दुसरा होता. आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण त्यांच्याबरोबर गेल्या होत्या. परक्या देशात त्यांचे मन ढासळले, आणि काही महिन्यांतच त्यांनी विष घेऊन आपला अंत करून घेतला. परमुलखातील एकटेपणा किती भयंकर असू शकतो हे ह्यावरून कळते. दूर गेलेल्या माणसाचा पगार किती, हे आम्ही लगेच विचारतो. त्याला झोप येते काय, बोलावयास कोणी आहे काय, हे विचारावयाचे राहून जाते.

लंडनजवळ फुलहॅम येथे त्याच भगिनी पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करीत. ती पाहून, आणि शोमरोनी स्त्रीशी प्रभू कसा बोलला हे ऐकून, बाईंच्या मनाला पालट झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. प्रभू त्यांनी मनापासून पत्करला; परंतु इंग्रजांची प्रत्येक चालरीत पत्करली नाही. त्यांनी लुगडे सोडले नाही. मांसमच्छी तर नाहीच, पण अंडे घातलेला गोड पदार्थही त्या घेत नसत. ज्यांनी त्यांना लेकीप्रमाणे सांभाळले त्या भगिनी गेराल्डीन ह्यांना हा जातीचा अभिमान वाटला. ज्यांचे अन्न खावे त्यांनाच नाही म्हणणे किती कठीण, हे आश्रितालाच कळते. तरी बाईंनी स्पष्ट कळविले, की जी रीत कोणास अपाय करीत नाही ती त्यांना सोडावयाची नाही. इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपल्या रीतीने राहिली, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणावे काय?

मठातील वधस्तंभाच्या पदकावर लॅटिन अक्षरे असत. बाईंनी संस्कृत अक्षरांचा आग्रह धरला, कारण लॅटिन भाषा त्यांना समजत नव्हती व त्यांच्या देशबांधवांनाही नाही. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या गणित, शास्त्रे व इंग्रजी शिकत आणि संस्कृत शिकवीत. त्यांनी पुरुषांसही शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, की असे केल्याने स्वदेशी स्त्रियांत त्यांचे वजन राहणार नाही. ज्यांनी मायदेशी मोठमोठ्या पंडितांच्या सभांत भाषणे केली त्यांना ही शिकवण! बाईंचे शब्द अशा वेळी कडक असत, आणि दोन्ही बाजूंस दुःख झाले. परंतु प्रेम तुटले नाही. भगिनी गेराल्डीन ह्यांनी त्यांची पत्रे जपून ठेवली, म्हणूनच आज ही हकीकत आम्हांस कळते.

बाई हट्टी होत्या आणि नवे काही घेत नव्हत्या, असे मात्र कोणी समजू नये. मार्च १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक राहिल्या. लहान मुलांस खेळातून शिकविण्याची बालोद्यान पद्धती त्या तेथे शिकल्या. गावोगावी व्याख्याने दिली. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टन शहरी त्यांच्या कार्यास साह्य करणारी संस्था स्थापन झाली. ह्या काळात मनोरमेस इंग्लंडात परत ठेवावे लागले, आणि मायलेकींची ताटातूट झाली. अमेरिकेचा उद्योग व स्त्रियांची मोकळीक पाहून बाई आनंदल्या. तथापि काळ्या लोकांवर व मूळच्या रहिवाशांवर तेथे झालेला अन्याय त्यांनी आपल्या मराठी प्रवासवृत्तात झाकून ठेवला नाही.

फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईस परतल्या व ११ मार्च रोजी त्यांनी शारदासदन उघडले. तेथे आलेल्या विधवांस आपापल्या सोवळ्याओवळ्याच्या रीतीने राहण्याची मुभा होती. जी मोकळीक बाईंनी परमुलखात स्वतःसाठी मागितली, तीच त्यांनी आपल्या आश्रितांस दिली. आमच्या मते त्यांच्या परदेशवासाचे खरे फळ हेच होय. पुढे केडगावी त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून खेड्यातील बायकांस समजेल अशा मराठीत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि त्या कामानंतर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या प्रभूकडे गेल्या.

आमच्या वऱ्हाडाशीही त्यांचा एक धागा आहे. अमेरिकेहून येऊन अकोल्यास सेवा केलेल्या श्रीमती जेनी फुलर ह्यांनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेले पुस्तक १९०० साली निघाले. त्याची प्रस्तावना रमाबाईंची आहे. एक परदेशी जाऊन आलेली, दुसरी परदेशाहून आलेली. परकेपणा काय असतो हे दोघींनाही ठाऊक होते.

म्हणून बंधुभगिनींनो, लेकरांस निरोप देताना इतके सांगा: तेथील भाषा मनापासून शिका, काम चोख करा, चांगले दिसेल ते घ्या. परंतु भाकर, लुगडे व मायबोली ह्यांची लाज धरू नका, आणि विवेकाविरुद्ध काही करावयास सांगितले तर नम्रपणे नाही म्हणा. आणि मागे राहिलेल्या आम्ही त्यांची विचारपूस आठवड्याच्या आठवड्यास करावी. तसेच आमच्या गावी परक्या मुलखातला मजूर किंवा शिक्षक आला, तर त्याच्या ताटावरून व बोलण्यावरून त्याला हसू नये. रमाबाईंस जे मागावे लागले, ते त्याला न मागता मिळो.