कोलंबियातील विद्यार्थी भीमराव

जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. पाचच महिन्यांपूर्वी वडील रामजी सुभेदार निवर्तले होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तीतूनही काही रक्कम घरी रमाबाईंकडे जात असे.

बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. ते कोणत्या पद्धतीने शिकले, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

मुंबई विद्यापीठातील शिक्षण म्हणजे मुख्यतः नेमलेली पुस्तके आणि परीक्षा. कोलंबियातील रीत निराळी होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन तरुण संशोधन शिकण्यासाठी जर्मनीस जात आणि परतताना तेथील चर्चासत्राची प्रथा घेऊन येत. १८७६ मध्ये बाल्टिमोरला सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ती रुजवली. १८८० मध्ये कोलंबियाने राज्यशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा काढली. चर्चासत्रात मोजके विद्यार्थी जमत, एकाने निबंध वाचायचा आणि इतरांनी प्राध्यापकांसह तो पारखायचा. नामवंत विद्वानाचे मत पुराव्यानिशी खोडणे हा तेथे उद्धटपणा नव्हता. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या तरटावर वेगळे बसलेल्या मुलाला ही बैठक लाभली, याचे मोल पदवीहून कमी नाही.

विषय निवडण्याची मोकळीकही मोठी होती. भीमरावांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ आणि तत्त्वज्ञानाचे ५ अभ्यासक्रम घेतले. अर्थशास्त्राला सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई असे गुरू लाभले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले.

९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. सेनार, नेसफिल्ड, रिझले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. हे केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश सिद्ध करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. तेही अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात शिकलेले. जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हेच जातीचे मर्म. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तो निर्बंध टिकवण्याची साधने, असे भीमरावांनी मांडले. स्वतः सोसलेल्या अन्यायाचा त्यात उल्लेखही नाही. सारा भर युक्तिवादावर आहे. पुढच्याच वर्षी निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला.

पीएच.डी.साठी मात्र त्यांना दीर्घकाळ थांबावे लागले. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठास दिल्याविना पदवी मिळत नसे. गरीब विद्यार्थ्यासाठी हा नियम कठोरच म्हणायचा. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह १९२५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पदवी हाती आली.

१९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले. नांदेड-लातूरकडून खेड्यापाड्यांतली मुले तेथे गेली. कित्येक घरांतला पहिला पदवीधर तेथेच घडला. त्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. भिक्खू नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणारा आणि समाधान झाल्यावरच त्यांचे शिष्यत्व पत्करणारा तो राजा.